आधी 'दे', बरोबरीने 'नको'

(मासवण येथे पालघर आणि बोईसर-तारापूर परिसरातल्या महिला गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



इथे अंगणवाडीच्या ताई आहेत, आशाताई आहेत, बचत गटांतल्या बायका आहेत. दोघीतिघी आपल्या मुलांना घेऊन आल्या आहेत. मुलं मध्येच ओरडतील, उठून पळतील. पळू द्या. बैठक त्यांच्याविषयीच आहे.

आजचा विषय आहे ऑटिझम, म्हणजे ज्याला मराठीत स्वमग्नता म्हणतात, आणि अशा मुलांना भाषा शिकवण्याची एक पद्धत. बैठक ठरली तेव्हा एका कार्यकर्तीने विचारलं, "हा विषय डॉक्टरांचा. आपल्या चळवळीत कशाला?" तिला मी एका बाईची हकीकत सांगितली, तीच तुम्हाला सांगते. तिचं नाव आणि गाव सांगत नाही.

या बाईचा नवरा तारापूर एमआयडीसीत कंत्राटी कामगार. आज पहिली पाळी, पुढच्या आठवड्यात रात्रपाळी. मुलगी तेव्हा सहा वर्षांची, एक शब्द बोलत नव्हती. कुणीतरी शहरातल्या एका केंद्राचा पत्ता दिला. रिक्षाने पालघर स्टेशन, तिथून लोकल, विरारला गाडी बदलायची, असं करत ही बाई मुलीला घेऊन गेली. तपासणी झाली. तिथे सांगितलं की वर्तनावर आधारित शिकवणी द्यावी लागेल, आठवड्याला चाळीस तास. रोज येणं जमणार नाही, तर आईनेच घरी करावं. एक फाइल दिली, इंग्रजी कार्डांचा गठ्ठा दिला, आणि वर सांगितलं की घरात एकच भाषा बोला, इंग्रजी बोललात तर उत्तम, दोन भाषांनी मूल गोंधळतं. बाई सातवी शिकलेली. घरात वाडवळी बोलतात.

अशा कुटुंबांचा पाठपुरावा करण्याचं काम तेव्हा माझ्याकडे होतं. मी समाजकार्यात एम. ए. केलेलं, उत्साह दांडगा. मी तिला आलेखाच्या कागदावर वेळापत्रक आखून दिलं. सकाळी इतके तास, दुपारी इतके, संध्याकाळी इतके. दोन महिने ती आली, तिसऱ्या महिन्यात आली नाही. मी तिच्या कागदांवर शेरा लिहिला, "आईचे सहकार्य नाही."

वर्षभराने पालघरच्या बाजारात ती भेटली. मी विचारलं, का आली नाहीस? ती म्हणाली, "ताई, चाळीस तास म्हणजे रोजचे पावणेसहा. तुम्ही तक्ता केलात त्यात माझी झोप कुठे होती?" आणि पुढे म्हणाली, "पोरीला चाळीस कार्डं पाठ झाली. ॲपल म्हणते, बॉल म्हणते. पण तहान लागली की अजून डोकं भिंतीवर आपटते."

या दोन वाक्यांत आजचा सगळा विषय आहे. चाळीस कार्डं येऊनही पाणी का मागता येत नाही? आणि चाळीस तास कुणाचे?

दोष कुणाचा, याची जुनी गोष्ट

आधी एक गोष्ट साफ करू. मूल बोलत नाही म्हटलं की पहिलं बोट आईकडे जातं. ग्रहणात काय चिरलंस, गरोदरपणी काय खाल्लंस, नोकरीला गेलीस म्हणून झालं, मोबाईल दिलास म्हणून झालं. आपल्याला वाटतं, हे अडाणीपणाचं बोलणं. पण शिकलेल्या जगानेही हेच केलं. १९४३ साली लिओ कॅनर या डॉक्टरांनी अमेरिकेत अकरा मुलांची वर्णनं प्रसिद्ध केली आणि 'ऑटिझम' हे नाव रूढ झालं. पुढे 'थंड' आईमुळे मुलं अशी होतात असा सिद्धान्त निघाला. 'रेफ्रिजरेटर मदर' असा शब्दच तयार झाला. ब्रुनो बेटलहाइम यांनी १९६७ साली पुस्तक लिहून तो घरोघर पोचवला. कित्येक आयांनी ते ओझं जन्मभर वाहिलं.

हे खोडून काढायला एक बाप पुढे आला. बर्नार्ड रिमलंड हे मानसशास्त्रज्ञ, त्यांचा स्वतःचा मुलगा स्वमग्न. त्यांनी १९६४ मध्येच मांडलं की हा मेंदूच्या जडणघडणीचा प्रश्न आहे, आईच्या मायेचा नाही. १९७७ साली जुळ्या मुलांच्या अभ्यासातून आनुवंशिकतेचा भाग पुढे आला. १९९८ मध्ये बारा मुलांवरच्या एका लेखाने गोवराच्या लशीवर संशय घेतला होता. तो लेख त्या मासिकाने २०१० मध्ये मागे घेतला. लशीने ऑटिझम होत नाही. हे आशाताईंनी पाड्यावर ठामपणे सांगावं.

'स्वमग्नता' हा शब्दही थोडा फसवा आहे. मूल स्वतःतच रमलंय, त्याला आपली गरज नाही, असं त्यातून वाटतं. प्रत्यक्षात यातल्या बऱ्याच मुलांना काहीतरी सांगायचं असतं, सांगण्याची वाट सापडत नाही. काही मुलं भरपूर बोलतात पण संवाद जमत नाही, काही आयुष्यभर तोंडाने बोलत नाहीत. साधारण शंभर-सव्वाशे मुलांत एक, असा जागतिक अंदाज आहे. म्हणजे आपल्या प्रत्येक मोठ्या गावात अशी मुलं आहेत.

नोंदींमध्ये मुलगे मुलींच्या तीन-चार पट दिसतात. त्यात काही भाग खरा असेल, पण काही भाग आपल्या डोळ्यांचाही आहे. गप्प बसणारा मुलगा असला की घर काळजीत पडतं. गप्प बसणारी मुलगी 'गुणी' ठरते.

पद्धत काय आहे

वर्तनवादी पद्धतीचं मूळ सूत्र सोपं आहे. कुठल्याही कृतीच्या आधी काहीतरी घडतं, मग कृती होते, मग तिचा परिणाम होतो. परिणाम हवासा असेल तर ती कृती पुन्हा होते. याला प्रबलन म्हणतात. आपण त्याला बक्षीस म्हणू, पण बक्षीस म्हणजे गोळी-चॉकलेटच असं नाही. हवी ती वस्तू मिळणं, झोका मिळणं, हेही बक्षीसच.

अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात इव्हार लोव्हास यांनी १९६० च्या दशकापासून हे सूत्र स्वमग्न मुलांवर वापरलं. मूल खुर्चीवर, शिक्षक समोर. सूचना द्यायची, मुलाने उत्तर द्यायचं, चुकलं तर हात धरून मदत करायची, बरोबर आलं की लगेच बक्षीस. मग पुन्हा तेच. एकेका कौशल्याचे असे शेकडो तुकडे. १९८७ साली त्यांनी निष्कर्ष छापले: १९ मुलांना आठवड्याला चाळीस तास, दोन वर्षं किंवा जास्त शिकवलं, त्यांतली ९ मुलं साध्या शाळेत पहिली पार करून गेली आणि बुद्ध्यांकही सर्वसाधारण आला. तोवर अशा मुलांना संस्थेत टाकून द्या म्हणणारे डॉक्टर होते. त्यामुळे या बातमीने जगभरच्या पालकांना आशा दिली. 'चाळीस तास' हा आकडा तिथून आला आणि फिरत फिरत आपल्या त्या बाईच्या फाइलीत येऊन बसला.

पण त्या आकड्याबरोबर बाकीची माहिती आली नाही. तिथे शिकवायला विद्यापीठातले प्रशिक्षित विद्यार्थी होते, आई एकटी नव्हती. मुलांची गटवारी चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती, म्हणून निष्कर्षांवर पुढे शंका घेतल्या गेल्या. आणि त्या प्रयोगात मोठ्याने 'नो' ओरडणं आणि मांडीवर चापट मारणं हेही होतं. २०१८ साली अशा सखोल शिकवणीच्या पाच अभ्यासांचा, एकूण २१९ मुलांचा, कॉक्रेन गटाने आढावा घेतला. त्यात भाषेला आणि दैनंदिन वागण्याला काही फायदा दिसतो, पण पुराव्याचा दर्जा कमी आहे, असं निघालं. तेव्हा कुणी तुम्हाला 'चाळीस तास केले नाहीत तर मूल वाया जाईल' असं सांगून घाबरवत असेल, तर त्याला तेवढा आधार नाही.

चाळीस कार्डं आणि एक तांब्या पाणी

आता कार्डांचा प्रश्न. बी. एफ. स्किनर यांनी १९५७ साली भाषेवर एक पुस्तक लिहिलं. त्यातला एक विचार मला फार उपयोगाचा वाटतो. ते म्हणतात, शब्द एकच असला तरी त्याची कामं वेगवेगळी. तहान लागली म्हणून 'पाणी' म्हणणं, ही मागणी. नदी बघून 'पाणी' म्हणणं, हे नाव सांगणं. आईने 'पाणी' म्हटलं म्हणून आपणही 'पाणी' म्हणणं, हे मागून म्हणणं. 'सूर्येत काय असतं?' असं विचारल्यावर 'पाणी' म्हणणं, हे संवादातलं उत्तर. आपल्याला ही चारही कामं एकच वाटतात, कारण आपल्याला एक आलं की बाकीची आपोआप आली. स्वमग्न मुलाला ती आपोआप येतीलच असं नाही. एक शिकवलं म्हणजे दुसरं आलं असं धरून चालता येत नाही.

त्या मुलीला नाव सांगणं शिकवलं होतं. कार्ड दाखव, नाव घे, गोळी खा. मागणं तिला कुणी शिकवलंच नव्हतं. म्हणून ती 'बॉल' म्हणत होती, पण तहानेला तिच्याकडे शब्द नव्हता, डोकं आपटणं होतं. डोकं आपटलं की कुणीतरी धावत येऊन पाणी देत होतं. म्हणजे डोकं आपटणं हीच तिची चालणारी भाषा होती. हे कळलं की राग निघून जातो. मूल हट्टी नाही, त्याच्याकडे दुसरा उपाय नाही.

म्हणून सुरुवात मागणीपासून करायची. मुलाला आत्ता काय हवंय ते बघायचं. त्या मुलीला झोळीचा झोका फार आवडायचा. तर शिकवणी झोळीजवळ. आई दोन-तीन झोके देते आणि झोळी धरून थांबते. मुलीकडे बघते. मनात पाचपर्यंत मोजते. मुलीने बघितलं, हात पुढे केला, 'झो' असा नुसता आवाज काढला, तरी आई 'झोका!' म्हणते आणि लगेच झोका देते. पुढच्या आठवड्यात आवाज जरा स्पष्ट हवा. काहीच आलं नाही तर आई स्वतः शब्द म्हणून दाखवते आणि झोका देते. मदत हळूहळू कमी करत जायची. या सगळ्याला पुस्तकात मोठी नावं आहेत, पण काम एवढंच आहे.

दोन सावधगिरी. एक, पाणी, जेवण, आईचं जवळ घेणं या गोष्टी रोखून धरायच्या नाहीत. 'बोल, तरच देईन' हा छळ आहे. खेळाच्या, गमतीच्या गोष्टींत क्षणभर थांबायचं, आणि नाही जमलं तरी द्यायचं. दोन, तोंडाने शब्द येत नसेल तर चित्र किंवा खूण द्यायची. १९८५ च्या सुमारास अमेरिकेत अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी चित्र देवाणघेवाणीची पद्धत बसवली. मूल तांब्याचं चित्र उचलून आईच्या हातात देतं, आई पाणी देते. सुरुवातीला मुलाच्या मागे बसून हात पुढे करायला मदत करणारं दुसरं माणूस लागतं. ते काम भाऊ, आजोबा, बाप कुणीही करू शकतं. चित्र दिल्याने बोलणं मागे पडेल, अशी भीती लोकांना वाटते. तसा पुरावा नाही. कित्येक मुलांचं बोलणं वाढलेलंच दिसतं.

कुठली भाषा?

आपल्या भागात हा प्रश्न टाळून चालणार नाही. घरात वारली, काटकरी, मांगेली, वाडवळी. अंगणवाडीत मराठी. बोईसरच्या चाळीत हिंदी, भोजपुरी. मोबाईलवर इंग्रजी बालगीतं. आणि केंद्रात सांगतात, फक्त इंग्रजी. गेल्या काही वर्षांतल्या अभ्यासांत दोन भाषांच्या घरात वाढल्याने स्वमग्न मुलांच्या भाषेचं नुकसान झालेलं दिसत नाही. उलट आईला तिची भाषा सोडायला लावली की आई कमी बोलते, तुटक बोलते, लाजते. मुलाशी सगळ्यांत जास्त बोलणारं माणूसच मुकं होतं. त्या मुलीच्या घरात 'पानी' म्हणतात, कार्डावर 'वॉटर' होतं. आम्ही कार्डं बाजूला ठेवली आणि 'पानी' घेतलं. ती ज्याच्याकडे पाणी मागणार त्याला जो शब्द कळतो, तो तिचा शब्द.

मराठीची आणखी एक गंमत लक्षात ठेवा. ही मुलं पुष्कळदा ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं म्हणतात. आई विचारते, "तुला भाकरी हवी?" मूल भूक लागली की म्हणतं, "तुला भाकरी हवी?" लोक हसतात. त्याला मुळात म्हणायचं असतं, मला हवी. पूर्वी हे पोपटपंची म्हणून बंद पाडायचे. १९८१ मध्ये बॅरी प्रिझंट आणि त्यांच्या सहकारी ज्युडिथ डुकन यांनी दाखवलं की अशा पुनरुक्तीलाही अर्थ आणि हेतू असतो. म्हणून ते बंद न पाडता आईने मुलाच्या बाजूने वाक्य म्हणावं, "मला भाकरी हवी," आणि भाकरी द्यावी. आणि मुलग्याची आई म्हणत असेल, "मी जाते, मी घेते," तर तोही म्हणणार, "मी जाते." मग घरातले पुरुष चिडतात, बायकी बोलतो म्हणून. त्यावर उपाय सोपा आहे. त्या पुरुषांनी मुलाशी बोलायला बसावं. "मी जातो" हे त्याला ऐकायला मिळेल कुठून?

'नको' शिकवा

आता ज्या मुद्द्यासाठी मी मुख्यतः आले तो सांगते.

या पद्धतीत मुलाला सांगितलेलं ऐकायला शिकवतात. बस, बघ, हात दे, ये. ऐकलं की बक्षीस. वर्षानुवर्षं हेच झालं तर मूल काय शिकतं? मोठं माणूस सांगेल ते करायचं. जगभर आज मोठे झालेले स्वमग्न स्त्री-पुरुष स्वतः लिहिताहेत, बोलताहेत. त्यांच्यापैकी अनेकांची तक्रार हीच आहे की आम्हाला शांत बसवायला, डोळ्यांत बघायला, हात हलवणं थांबवायला शिकवलं, ते बघणाऱ्यांच्या सोयीसाठी. १९९३ साली जिम सिंक्लेअर या स्वमग्न व्यक्तीने पालकांना उद्देशून म्हटलं की आमच्यासाठी शोक करू नका. आम्ही हरवलेली मुलं नाही, वेगळी माणसं आहोत. त्यांचं म्हणणं आपण ऐकलं पाहिजे. बायकांच्या वतीने दुसऱ्यांनी बोलावं याला आपण विरोध करतो, मग इथे वेगळा न्याय कसा?

आणि मुलीच्या बाबतीत तर हा प्रश्न जिवाचा आहे. ती आई मला म्हणाली होती, "ताई, हिला कुणीही 'ये' म्हटलं की ही जाते. आता मोठी होत चालली. रात्री मला झोप येत नाही." आपल्या मुलीला आपण 'गुणी' करत गेलो, आणि नकार द्यायचा शब्द तिला दिलाच नाही. २०१२ चा पॉक्सो कायदा आहे, तो लागतोच, पण कायदा घडून गेल्यावर येतो.

म्हणून मी आता प्रत्येक घरी सांगते: पहिला शब्द 'दे', आणि त्याच आठवड्यात दुसरा शब्द 'नको'. आपल्या मराठीत 'नको' हा स्वतंत्र शब्द आहे ही सोय आहे. 'नाही' वेगळं, 'नको' वेगळं. मुलीला न आवडणारी भाजी पुढे करा. तिने तोंड फिरवलं की तुम्ही 'नको' म्हणा आणि भाजी लगेच मागे घ्या. तोंडाने येत नसेल तर हाताची खूण, नाहीतर लाल रंगाचं कार्ड. नंतर गुदगुल्या, केस विंचरणं, पापा घेणं. 'नको' म्हटलं की थांबायचं. हे घरातल्या सगळ्यांनी पाळायचं, नाहीतर शब्द फुकट जातो. औषध, आंघोळ, रस्ता ओलांडणं, इथे नकार मानता येत नाही. तेव्हा निदान म्हणा, "तुला नको आहे, कळलं मला, पण हे करावं लागेल," आणि लवकर उरका. तिचं म्हणणं ऐकू आलं, एवढं तरी तिला कळतं.

त्या मुलीला 'नको' यायला चार महिने लागले. मग एका सणाला घरी आलेल्या पाहुण्याने गाल ओढला, तेव्हा ती स्पष्ट 'नको' म्हणाली आणि त्याचा हात ढकलला. सासूबाई संतापल्या, मोठ्या माणसांना उलट बोलते म्हणून. आई मला सांगत होती आणि हसत होती. तिचं असं हसणं मी पहिल्यांदा बघितलं. मुलगी आज पंधरा-वीस शब्द बोलते, बाकी खुणांनी आणि चित्रांनी सांगते. 'बरी' झालेली नाही, तशी ती होणारही नाही. डोकं आपटणं मात्र जवळजवळ थांबलं आहे.

तास कुणाचे?

आता चाळीस तासांकडे येऊ. शहरात पैसे असतील तर थेरपिस्ट मिळतो. आपल्याकडे तो नाही, म्हणून 'पालकांनी शिकवावं' असं सांगतात. पालक म्हणजे कोण हे इथे कुणाला सांगायला नको. मासवणहून सूर्येचं पाणी पंपाने वसई-विरारला जातं. तिकडच्या सोयी मात्र पाइपातून इकडे येत नाहीत. त्या आणायला आईने मूल कडेवर घेऊन लोकल पकडायची.

याचा अर्थ घरच्यांनी शिकवू नये असा नाही. गोव्यात 'संगत' संस्थेने आणि पाकिस्तानात रावळपिंडीला मिळून एक प्रयोग झाला, २०१६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. ६५ मुलं होती. तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी पालकांना मुलाशी संवाद कसा साधावा हे शिकवलं. ती पद्धत वर्तनवादी नव्हती. मूल काय सांगू बघतंय ते ओळखून प्रतिसाद देण्यावर भर होता. पालकांचा प्रतिसाद सुधारला आणि मुलं आपणहून संवाद सुरू करू लागली. म्हणजे आशाताईंसारख्या बाईला नीट शिकवलं, आणि तिला कामाचा मोबदला दिला, तर गावात हे होऊ शकतं. आज वर्तनवादी पद्धतीतही खुर्ची-टेबलापेक्षा रोजच्या कामाच्या ओघात, मुलाच्या आवडीतून शिकवण्याकडे कल आहे. भाकरी थापताना, हौदावर, गाईला चारा घालताना. यात वेगळे सहा तास काढावे लागत नाहीत. पाच-पाच मिनिटं, दिवसात आठ-दहा वेळा, आणि घरातल्या प्रत्येकाने.

हे आपल्या मातीत नवं नाही. इथून जवळ, डहाणू तालुक्यात, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला काम उभं केलं. मूल शाळेत येत नाही तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची, पाने, बिया, शंख यांतून शिकवायचं, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवायची. अंगणवाडीची कल्पना आपल्याच भागात वाढली. बोलू न शकणाऱ्या मुलाच्या अंगणात तीच अंगणवाडी जायला हवी.

आपण काय करू शकतो

एक. दोन वर्षांचं मूल नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, बोटाने दाखवत नसेल, आलेले शब्द गेले असतील, तर 'बोलेल हळूहळू' म्हणून थांबू नका. आधी कान तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक २०१३ पासून अंगणवाड्यांत आणि शाळांत तपासणीला येतं. त्यांच्यापुढे असं मूल न्या, लपवू नका. मुलींना विशेष करून न्या.

दोन. १९९५ च्या अपंग कायद्यात ऑटिझम नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आला आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारांत आहे. चाळीस टक्क्यांचं प्रमाणपत्र असेल तर सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शाळेने 'सांभाळता येणार नाही' म्हणून परत पाठवलं तर लेखी मागा. प्रमाणपत्र आणि न्यासाचा निरामय आरोग्य विमा यांचे अर्ज गटाने मिळून भरावेत.

तीन. त्याच २०१६ च्या कायद्यात 'काळजी घेणारी व्यक्ती' याची व्याख्या आहे. त्यात मोबदला घेऊन वा न घेता काळजी घेणारे आईवडील येतात. आणि ज्यांना जास्त आधाराची गरज आहे त्यांच्यासाठी काळजीवाहू भत्त्याचा उल्लेखही आहे. घरकामाचं मोल मागणाऱ्या आपण बायका. हा भत्ता आपल्या मागण्यांच्या यादीत आला पाहिजे.

चार. प्रत्येक गटाने एक मूल घ्यावं. आठवड्यातून दोनदा दोघींनी त्या घरी जावं. एकीने मुलाशी खेळावं, आणि आईने तेवढा वेळ झोपावं, बाजारात जावं, काहीही करावं. बापाला बैठकीला बोलवा. पाळीचं कारण ऐकून घ्या आणि सुट्टीच्या दिवशी बोलवा.

पाच. शिकवताना मार नाही, ओरडणं नाही, उपाशी ठेवणं नाही. कुठल्याही केंद्रात हे दिसलं तर मूल उचलून बाहेर या आणि आम्हाला सांगा.

'आईचे सहकार्य नाही' हा शेरा मी नंतर खोडला. कागदावर खोडणं सोपं होतं. मी तिच्या घरी जाऊन तिची माफी मागितली. तेव्हा ती म्हणाली, "माफी राहू दे ताई, शनिवारी दोन तास येशील का?" तेव्हापासून मी जाते.

आता मी थांबते. या आया आल्या आहेत, त्यांना बोलायचं आहे.